दिवाळी अंकाची कथा आणि वाडीतले गणपती

दिवाळी अंकात कथा यावी असं वाटत असेल, तर ती संक्रांतीच्या सुमारास लिहायला घ्यावी लागते. नव्याने लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. संपादकांची दिवाळी मात्र श्रावणातच सुरू होते. बऱ्याच अंकांना जुलैअखेरपर्यंत किंवा फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मजकूर हातात लागतो. त्यानंतर अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रं, जाहिराती. म्हणजे आपण मोदकांसाठी नारळ खोवत असतो, तेव्हा तिकडे पानं लागत असतात.

मी देवरुखजवळच्या एका वाडीत राहते, पतसंस्थेत रोखपाल आहे आणि कथा लिहिते. घर, नोकरी, वाडीचं मंडळ, बचत गट यातून लिहायला वेळ कसा काढता, असं लिहू लागलेल्या मुली विचारतात. वेळ काढता येतो यावर माझा फारसा विश्वास नाही. वर्षात तो कुठे पडलेला असतो, ते आधी हुडकावं लागतं.

त्यासाठी जानेवारीत कालनिर्णय पुढ्यात घ्यायचं आणि लिहिण्याचे दिवस न धरता आधी गावाचे दिवस खोडायचे. आमच्या कोकणात फाल्गुनात शिमगा. पालखी घरोघरी येते, मुंबईचे चाकरमानी येतात, घरात अंथरुणं कमी पडतात. त्यात माझ्या नोकरीत ३१ मार्चचा हिशेब. तेव्हा मार्च कोरा सोडायचा आणि त्याबद्दल जिवाला लावून घ्यायचं नाही. मे महिना लग्नं, पाहुणे, आंबे, फणस यांचा. जुलैत लावणी. भाद्रपदाबद्दल बोलायलाच नको. एवढं खोडून झाल्यावर दोन पट्टे शिल्लक राहतात. एक देवदिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा, दुसरा जूनचा. पहिल्या पट्ट्यात मी कच्चा खर्डा करते. जूनमध्ये पाऊस लागतो, कार्यक्रम थांबतात, पाहुणे परत गेलेले असतात. तेव्हा तोच खर्डा पुन्हा लिहिते. मधले तीन महिने कथा नुसती पडून असते. हे पडून राहणं तिच्या फायद्याचं ठरतं, कारण जूनमध्ये वाचताना ती दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाटते आणि कुठे कंटाळा येतो ते लगेच कळतं.

अधिक महिन्याकडेही लक्ष ठेवा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली. सण पुढे सरकला की आपल्याला वाटतं, अजून खूप वेळ आहे. संपादकाची तारीख तेवढी सरकेलच असं नाही, म्हणून ती स्वतंत्रपणे विचारून घ्यावी.

आता मंडळाकडे वळू. वाडीत एखादी बाई लिहिते हे कळलं, की लिहिण्याची झाडून सगळी कामं तिच्याकडे येतात. "वहिनी, तुम्ही लिहिता ना, मग निमंत्रणपत्रिका तुम्हीच करा." तिच्या पाठोपाठ अहवाल, स्मरणिकेचं संपादकीय, हळदीकुंकवाचं सूत्रसंचालन, सत्काराचं मानपत्र. यातलं सगळं नाकारणारी माणसं मला आवडत नाहीत. ज्या गावाच्या जिवावर आपण कथा लिहितो, त्याला दोन पानं लिहून द्यायला काय जातं? पण निवड करावी. जे काम एका ठरलेल्या तारखेला संपतं, ते घ्यावं. वर्षभर पाठीशी लागणारं काम, म्हणजे खजिनदार, चिटणीस, वर्गणीचं वहीखातं, ते नम्रपणे दुसऱ्याकडे सरकवावं. मला तर रोखपाल म्हणून खजिनदारपद दरवर्षी देऊ करतात. "दिवसभर दुसऱ्यांचेच पैसे मोजते हो भावोजी," एवढ्यावर ते सुटतं.

सूत्रसंचालनाबद्दल माझं मत जरा कडू आहे. त्यात टाळ्या मिळतात, पण लिहिणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. उलट दीपप्रज्वलन, मनोगत, ऋणनिर्देश अशी ठोकळेबाज भाषा जिभेवर बसते आणि पुढच्या कथेत डोकावते.

नाटक मात्र सोडू नका. आमच्याकडे माघात सत्यनारायणाची पूजा घातली की रात्री नाटक असतंच, आणि वाडीतल्या पोरांसाठी नाटुकलं लिहून देण्यात जे शिकायला मिळतं, ते कुठल्या कार्यशाळेत मिळेल असं मला वाटत नाही. संवाद लांबला की पुढच्या रांगेतली मुलं आपसात बोलायला लागतात, मागची माणसं उठून चहाला जातात. विनोदाच्या जागी कुणी हसलं नाही, तर ते तिथल्या तिथे कानावर येतं. दिवाळी अंकात आलेल्या कथेबद्दल कधीकधी एक फोनही येत नाही, इथे प्रत्येक वाक्याचा निकाल लगेच लागतो. काम करणाऱ्या पोरांची बोली संगमेश्वरी असते. पुस्तकी वाक्य त्यांच्या तोंडात बसत नाही, ते तालमीत आपसूक मोडतं आणि बहुतेक वेळा मोडलेलंच बरं असतं.

यात थोडी कागदपत्रं आहेत, ती आधी उरकावीत. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि तालीम रंगात आल्यावर हे आठवलं तर सगळ्यांचीच धावपळ होते. दुसऱ्याचं नाटक बसवत असाल, तर लेखकाची परवानगी आणि मानधन आलंच. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला ही मुदत बारापर्यंत वाढवता येते. आरती, सत्कार, बक्षिसं होऊन पडदा उघडायलाच साडेआठ वाजतात. तेव्हा सव्वा तासात बसेल एवढंच लिहावं. या अडचणीने माझ्या लिहिण्यातला बराच पाल्हाळ कमी केला.

घरचं गणित वेगळं. पहाटे चारला उठून लिहिणाऱ्यांच्या गोष्टी मी ऐकलेल्या आहेत. मला ते जमत नाही आणि डबे करायच्या घरात ते फार दिवस टिकतही नाही. मी रात्री जेवणं झाल्यावर लिहिते, जमेल तेवढं. एसटीत फक्त वाचते, घाटात लिहिणं अशक्य. गणपतीत वही उघडतच नाही, पण कान उघडे असतात. घरोघरी भजनं चालतात, जाखडीचे, म्हणजे आमच्या कोकणी लोकनृत्याचे, शाहीर गेल्याच आठवड्यात घडलेल्या घटनेवर कवन रचून आणतात, गौरीच्या ओवशाला, म्हणजे गौरीपुढे सूप वाहायला, आलेल्या नव्या सुनांशी जुन्या सुना माजघरात बोलत असतात. घरच्यांकडे नुसता 'वेळ' मागू नये, तारीख सांगावी. "मला लिहायला वेळ हवा" म्हटलं की सगळे गप्प बसतात आणि कुणी काही करत नाही. "वीस जुलैला कथा पाठवायची आहे" म्हटलं, की सासूबाईच विचारतात, "काय गो, गेली का तुझी गोष्ट?" आणि त्या दोन दिवस भाकऱ्यांचं त्या बघतात.

गावातलं गावात लिहिताना एक पथ्य पाळावं लागतं. शहरात शेजाऱ्यावर कथा लिहिली तर तो ती वाचेलच असं नाही. इथे अंक ग्रंथालयात येतो, एकजण वाचतो आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण माणसं नावापेक्षा नात्यावरून आणि घराच्या जागेवरून ओळखतात. मी पात्राचं नातं, धंदा, कधी स्त्रीचा पुरुषही करते आणि ताज्या भांडणावर वर्षभर लिहीत नाही. वर्षाने त्या भांडणातला राग निवतो आणि मूळ कारण दिसायला लागतं. कथेला लागतं ते कारणच.

पाठवण्याबद्दल थोडक्यात. मजकूर यूनिकोडमध्ये टंकलेला असावा. शब्दमर्यादा आधी विचारावी. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे, नाहीतर दोन अंकांत एकच कथा आली की दोघेही दुरावतात. मानधनाबद्दल विचारायला लाजू नये. काही अंक देतात, काही फक्त अंकाची प्रत पाठवतात, आणि ते आधी कळलेलं बरं. आमच्याकडे जुलैत पावसाने वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

आपलं लिहिणं वाचून दाखवायला माणसं हवी असतील, तर कोकणात कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या, शाखा आहेत. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ मध्ये ही परिषद सुरू केली. कथा पुस्तकाएवढ्या झाल्या, की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. मंडळाने हस्तलिखितं मागवली आहेत का, यावर लक्ष ठेवावं. आणि कथा साभार परत आली, किंवा उत्तरच आलं नाही, तर देवदिवाळीनंतरच्या पट्ट्यात तीच पहिली काढावी. नवं सुचेपर्यंत हात चालू राहतो.