बीथोव्हेनची पाचवी सिंफनी विद्यार्थ्यांना कशी ऐकवावी

सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी कृती, शिकवताना आरंभीच संपूर्ण रचना ऐकवू नये. १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा साधारण सात-आठ मिनिटांचा पहिला भाग तेवढा घ्यावा. तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ अशी तिची सुरुवातीची चार स्वरांची आकृती विद्यार्थ्यांकडून आधी टाळ्यांनी आणि मग गाऊन घ्यावी. त्यानंतर ती पुढे कोणकोणत्या वाद्यांत उमटते, हे हात वर करून दाखवण्यास सांगावे.

थोड्याच वेळात हॉर्न ही पितळी वाद्ये दुसऱ्या विषयाची, म्हणजे दुसऱ्या मुख्य सुरावटीची, वर्दी देतात. रागसंगीत शिकलेले विद्यार्थी येथे गोंधळतात, कारण त्यांच्या कानाला अढळ षड्जाची सवय असते आणि येथे तर सी मायनर या सुरुवातीच्या स्वरमेळाचा षड्जच हलून मूळच्या कोमल गंधारावर, म्हणजे ई फ्लॅट मेजरवर, जातो. पेटीवर दोन्ही षड्ज आळीपाळीने धरून दाखवल्यास हा बदल कळतो, आणि माझ्या मते पाठातील सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. त्यापुढील विस्तारात, म्हणजे या सुरावटी खुलवणाऱ्या मधल्या टप्प्यात, ती चार स्वरांची आकृती कशी तुटत जाते एवढे ऐकवले तरी पुरे. सुरुवातीचा विषय परततो तेव्हा मात्र सारा वाद्यवृंद थांबतो आणि ओबो (लाकडी फुंकवाद्य) काही क्षण एकटाच संथपणे गातो. ही जागा आधी सांगू नये, विद्यार्थ्यांनाच सापडू द्यावी.

तिसरा भाग न थांबता चौथ्यात मिसळतो आणि तेथे ट्रॉम्बोन, पिकोलो व कॉन्ट्राबसून या सिंफनीत प्रथमच वाजतात. हे पुढच्या तासाला ऐकवावे आणि त्या वाद्यांची चित्रे जवळ ठेवावीत.