व्हिटॅमिन डी जास्त होऊ नये म्हणून घरातली औषधं कशी तपासावीत

आत्याच्या उशाशी पत्र्याचा डबा असायचा. त्यात व्हिटॅमिन डीच्या पावडरची रिकामी पाकिटं नीट घडी घालून ठेवलेली सापडली. मोजली तर 26 निघाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं आठवड्याला एक, आठ आठवडे. आत्या रोज सकाळी दुधाच्या पेल्यात एक टाकत होती, आणि संपली की गावातला पोरगा केजहून मेडिकलमधून आणून देत होता. "ताकदीचीच तर हाय, रोज घेतल्यानं काय बिघडतंय?" असं ती म्हणायची.

बिघडलं ते असं. ऐन वैशाखात तिला उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटलं, पोट साफ होईना. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायची आणि तांब्यावर तांबे पाणी प्यायची. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, कांदा झाला. शेवटी ती मधेच असंबद्ध बोलायला लागली तेव्हा लातूरला नेलं. रक्तातलं कॅल्शियम 13.8 होतं. ते साधारण 8.5 ते 10.5 च्या आत असायला हवं.

म्हणून हे लिहितो आहे. घरात कुणी व्हिटॅमिन डी घेत असेल तर आजच अर्धा तास काढा.

सगळी औषधं एका चादरीवर ओता

उशाशी, फडताळात, देवळीत, पर्समध्ये जिथे जिथे गोळ्या असतील त्या सगळ्या आणा. व्हिटॅमिन डी एकाच पाकिटात नसतं, इथेच माणूस फसतो. कॅल्शियमच्या गोळीत बहुतेक वेळा डी3 (हे व्हिटॅमिन डीच) असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, हाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या पावडरच्या डब्यातही असतं. गुडघ्याचा डॉक्टर एक लिहितो, बायकांची डॉक्टर दुसरी लिहिते, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही.

आकडा वाचा आणि बेरीज करा

नावापेक्षा आकडा महत्त्वाचा. आकड्यापुढे आययू लिहिलेलं असेल तर ते युनिट. मायक्रोग्रॅम असेल तर 40 ने गुणा. मोठ्या माणसाला दिवसाची गरज साधारण 600 युनिटची, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4,000 च्या वर जाऊ नये. आता आठवड्याच्या पाकिटावरचा आकडा बघा: 60,000. सात दिवसांत वाटला तरी रोजचे साडेआठ हजार होतात. म्हणूनच तो कोर्स कमतरता भरून काढायला ठरावीक आठवड्यांपुरताच देतात. तेच पाकीट रोज घेतलं तर गरजेच्या शंभर पट होतं.

जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, असा पुष्कळांचा समज आहे. बी आणि सी व्हिटॅमिनच्या बाबतीत तसं बरंचसं होतं, डीच्या बाबतीत नाही. हे चरबीत विरघळतं आणि साठून राहतं. साठा वाढला की आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम रक्तात ओढलं जातं. त्याने मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवायची ताकद जाते, लघवी वाढते, अंग कोरडं पडतं, मुतखडे होतात, आणि फार झालं तर मूत्रपिंड निकामी होतं, हृदयाचे ठोके बिघडतात.

जास्त घेतलं तर हाडं जास्त मजबूत होतात, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात 70 वर्षं आणि त्यापुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिटचा डोस देऊन पाहिला. 2010 साली निष्कर्ष आले, तर डोस घेतलेल्या बायकांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलेलं होतं.

आठवड्याची गोळी बाजाराच्या दिवसाला बांधा

आमच्याकडे आता हीच पद्धत आहे. प्रत्येक गावाचा आठवडी बाजार ठरलेला असतो आणि म्हातारी माणसं तो कधी विसरत नाहीत. बाजाराच्या दिवशी जेवणानंतर एक पाकीट घ्यायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचा. आठ गोल झाले की थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. एखादा बाजार चुकला तर आठवेल तेव्हा एकच घ्यावी, दोन एकदम नाही. पाकिटं सुनेच्या किंवा मुलाच्या ताब्यात असलेली बरी. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नका.

लेकरांच्या थेंबांकडे जास्त बारीक लक्ष द्या. तान्ह्या बाळाला रोज 400 युनिट पुरतात, सहा महिन्यांच्या आत 1,000 ही कमाल मर्यादा. पण एका बाटलीत एका मिलीत 400 असतात, तर दुसरीत 800. बाटली बदलली की आकडा पुन्हा वाचा, आणि त्या बाटलीबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरा. दात उशिरा आले, चालायला उशीर झाला म्हणून आपल्या मनाने थेंब वाढवू नका.

बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, टीबीचा उपचार चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल, तर डी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा.

उन्हाची मात्र भीती नको. परभणीच्या मे महिन्यात दिवसभर शेतात राबलं तरी उन्हाने डी जास्त होत नाही, कारण कातडी जास्तीचं स्वतःच मोडून टाकते. भर दुपारच्या उन्हाने उष्माघात होतो, ती गोष्ट वेगळी.

शंका आली तर

उन्हाने पाणी कमी पडलं की लघवी थोडी आणि गडद होते. तहानही खूप आणि लघवीही खूप, सोबत मळमळ, बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं, असं असेल तर डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. असंबद्ध बोलणं किंवा छातीत धडधड असेल तर रात्र काढू नका. रिकामी पाकिटं फेकू नका, सोबत न्या. आमच्या डॉक्टरांना त्या 26 पाकिटांवरूनच उलगडा झाला. कॅल्शियम, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी) आणि व्हिटॅमिन डी या रक्ताच्या तपासण्या होतील. डी एका मिलीत 150 नॅनोग्रॅमच्या वर गेलं असेल तर ते विषारी पातळीत धरतात.

सलाईनने कॅल्शियम उतरतं, पण चरबीतला साठा उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. आत्या आठव्या दिवशी घरी आली, आणि दर पंधरा दिवसांची रक्ततपासणी मात्र दिवाळीपर्यंत चालली.