पंचांगावरून भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचंय, मग किती वाजता पोचायचं? हे दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच आणि उत्तरात कुठल्यातरी ॲपचा स्क्रीनशॉट येतो. ॲप वापरा की, काही हरकत नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दहा सेकंदात होणारा हिशेब एकदा शिकून ठेवा, कोकणात जुनी माणसं अजून असाच करतात.

नियम एवढाच, तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, मोजायचं परत एकपासूनच. आणि दिवसातून भरती दोनदा येते, दोन्हींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे दुपारी तीनला असेल तर पहाटे अडीचच्या आसपास एक होऊन गेलेली असणार. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, ज्याला किनाऱ्यावर सुकती पण म्हणतात. अवस-पुनवेला मात्र सरळ बारा धरा, कारण पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि ती जरा कमी पडते.

आता हे का जमतं, तर तिथी म्हणजे मुळात कोन आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात आणि भरती चंद्राच्या मागे मागे जाते, म्हणून दर तिथीला ती ४८ मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक तोंडी हिशेबासाठी सोडून दिलाय, पण तो साठत जातो, म्हणून दशमीच्या पुढे मी स्वतः पाव-अर्धा तास जास्त धरतो. पंचांग करणाऱ्यांनी हे समुद्रासाठी केलेलं नाही, पण कोळ्यांना आयतं मिळालं.

गंमत म्हणजे चंद्राचा संबंध मानायला मोठमोठी माणसं तयार नव्हती. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की पृथ्वी फिरते म्हणून समुद्र हिंदकळतो, आणि चंद्राचं नाव घेतलं म्हणून केप्लरलाच नावं ठेवली. त्याच्या हिशेबाने भरती दिवसातून एकदाच यायला हवी, येते दोनदा, तरी पठ्ठ्या मागे हटला नाही. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाने कारण सांगितलं, पण कारण कळलं म्हणून अमुक बंदरात किती वाजता पाणी चढेल हे कळत नाही, कारण किनाऱ्याचा आकार, तळाची खोली, खाडीचं तोंड सगळं मध्ये येतं. त्याला उपाय एकच, तिथे बसून मोजायचं. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या नोंदी आहेत, जगातल्या जुन्या नोंदींमध्ये ही धरतात. भारतातलं हे काम सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेअर्ड नावाच्या इंजिनियर अधिकाऱ्याकडे होतं, आणि १८८३ च्या ऑगस्टमध्ये जावाजवळ क्राकाटोआ फुटला तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या या भरतीमापकांच्या कागदावर त्याच्या लाटा उमटल्या, बेअर्डने त्यावर वेगळा रिपोर्टच लिहिला.

नोंदी जमल्या की त्या वेगवेगळ्या भागांत सुट्या करायच्या, चंद्राचा भाग १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा बरोबर १२ तासांचा, शिवाय बारीकसारीक बरेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने १८७२-७३ मध्ये हे भाग परत जोडणारं यंत्र काढलं, प्रत्येक भागाला एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एकच तार आणि तारेच्या टोकाला पेन, हँडल फिरवलं की वर्षभराची भरती-ओहोटी कागदावर. पहिल्यात दहा भाग होते. १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी वीस भागांचं यंत्र तयार झालं, पण ठेवलं लंडनमध्ये, म्हणजे मुंबईचं पाणी मुंबईत मोजायचं आणि भाकीत तिकडून यायचं.

आपल्या पाऊणपटीत चंद्राचाच भाग पकडलेला आहे, सूर्याचा सुटतो, म्हणून चूक येते. उधाणाच्या, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटंच सरकते आणि अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तासाच्या वर, त्यामुळे उत्तर कधी कधी पाऊण-एक तास इकडे तिकडे होतं. दुसरं म्हणजे हा मुंबई-अलिबागचा नियम आहे. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर चढते, गोव्यात आधी येते, सुरत-भावनगरकडे उशिरा, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. तिसरं, सगळ्यात मोठं उधाण बरोबर पुनवेला नसतं, एक-दोन दिवसांनी असतं.

तर किल्ल्यासाठी काय करायचं? द्वितीया-तृतीया बघा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी सव्वासात-साडेसातला, पाणीही चांगलं लांब हटतं. अष्टमीला सुकती भर दुपारी बाराला येते म्हणून सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो, पाणी पूर्ण हटत नाही, मग घोडागाडी करावी लागते. आणि सुकतीच्या वेळेला निघू नका, त्याच्या तास-दीड तास आधी निघा, परत फिरायची वेळ सुकतीनंतर एक तास. कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही, सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. चार मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला मीटरभर, म्हणजे गुडघ्याचं पाणी बघता बघता छातीला.

उंचीचे आकडे वाचताना पण लोक घाबरतात. पावसाळ्यात बातमी येते साडेचार मीटरची भरती, ते साडेचार मीटर रस्त्यापासून नाहीत, चार्ट डेटमपासून आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, आणि मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्यावर अडीच मीटर आहे. त्रास होतो तो त्याच वेळी धो धो पाऊस पडला तर, कारण पाणी जायची तोंडं बुडलेली असतात. मुंबईत पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारी येते आणि थंडीत तीच मध्यरात्री, म्हणून डिसेंबरची उधाणं कोणाला दिसत नाहीत.

जून ते सप्टेंबर मात्र हा हिशेब फक्त अंदाजाला ठेवा. त्यात वारा नाही, लाटा नाहीत, दूरच्या वादळाचा फुगवटा नाही, तेव्हा हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा इशारा बघितल्याशिवाय वाळूवर उतरू नका.