जुन्या नटावर बोलायचंय? आधी जिरेटोप बाजूला ठेवा

गणेशोत्सव असो नाहीतर वाचनालयाचा कार्यक्रम, कोल्हापुरात जुन्या सिनेमावर बोलायला कुणाला ना कुणाला उभं करतातच, आणि मग तो बिचारा मोबाईल उघडून पिक्चरची यादी वाचतो. ऐकणाऱ्याला त्यातून माणूस दिसतच नाही. मी कशी तयारी करतो ते सांगतो.

एकच कलाकार घ्या आणि लोकांच्या डोक्यात त्याची कुठली छबी बसलीय ते एका ओळीत लिहा. समजा चंद्रकांत मांढरे. 1952 च्या 'छत्रपती शिवाजी'त त्यांनी महाराज केले, आमच्या आजीला तर महाराज म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवायचा. हे झालं पडद्यावरचं. आता राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे तिथं जा, मोबाईल खिशात ठेवा आणि निवांत अर्धा तास नुसतं बघा. निसर्गचित्रं आहेत, पावडर शेडिंग आहे, ते जरा जवळ जाऊन बघा, पावडरीतून सावली कशी उठवलीय ती, ह्याला काय संयम लागत असेल! तलवार उपसणारा हात तो हाच. 1936 च्या 'सावकारी पाश'मध्ये ते होते आणि तो पिक्चर बाबूराव पेंटरांचा, म्हणजे स्वतः चित्रकार असलेल्या माणसाचा, ही कडी जोडलीत की भाषण आपोआप उभं राहतं. मांढऱ्यांचं मूळ नाव गोपाळ, तेही सांगा.

खाजगी आयुष्याचं मात्र जपून. अभिनेत्री हंसा वाडकर म्हटलं की लोकांना 1959 चा 'सांगत्ये ऐका' आठवतो, आणि 1970 ला त्याच नावानं त्यांचं आत्मचरित्र आलं, त्यात संसार, दारू, सोसलेलं सगळं त्यांनी उघड सांगितलंय. सांगितलंय त्यांनी, लिहून घेतलंय दुसऱ्यानं, हे श्रोत्यांना आधी सांगा. आणि त्या जिथं थांबल्या तिथंच आपणही थांबायचं, पुढचं आपल्या पदरचं घालायचं नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. एका कार्यक्रमात मी एका दिवंगत अभिनेत्रीबद्दल ऐकीव किस्सा रंगवून सांगितला, लोक हसले, आणि दुसऱ्या रांगेतल्या एक बाई पिशवी उचलून, चपला घालून गप निघून गेल्या. त्या तिच्या भाची होत्या हे नंतर कळलं. मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली, पण तो किस्सा परत घेता येत नाही ओ.

स्टुडिओत काम केलेली म्हातारी माणसं भेटली तर "ते कसे होते हो?" असं विचारू नका, "लई चांगले होते" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा डबा कुठनं यायचा, उन्हात दाढी-मिशी कधी उतरवायचे, स्पॉटवरच्या पोराला काय हाक मारायचे, असलं विचारा. मग बघा कसं बोलायला लागतात ते. लिहून घ्या, वाचून दाखवा, नाव घेऊ का तेही विचारा.

आणि कलाकाराच्या घरचं कुणी गावात असेल तर कार्यक्रमाच्या आधी जाऊन भेटा, आमंत्रण द्या आणि काय बोलणार आहे ते त्यांना सांगून या.