पहिला स्पिनिंग रॉड आणि रील घेताय? काठावरून मासे पकडणाऱ्यांनो, या चुका टाळा

रॉड-रील घेताना आपल्या इंदूरकडच्या मंडळींची पहिली चूक दुकानात होतच नाही, ती घरी सोफ्यावरच होते. मोबाईलवर कुणीतरी समुद्रात बोटीवरून दांडगे मासे ओढताना बघायचं आणि तसाच जाडजूड सेट मागवायचा. आणि तो घेऊन जायचं कुठं, तर चोरल डॅमला नाहीतर बडवाहकडे नर्मदेवर, जिथं बोट नाही, पायाखाली चिखल आणि काळे दगड, आणि गळाला येणार रोहू, कतला, मृगल, कॉमन कार्प, तिलापिया. आधी काठ ठरवा, मग मासा, रॉड सगळ्यात शेवटी.

रॉडवर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही भिया, आणि तिथंच घात होतो. समजा १०-३० ग्रॅम लिहिलंय, तर तो रॉड तेवढंच वजन फेकायला बनवलाय. आता आपल्याकडे स्प्रिंगवर, म्हणजे गळाजवळच्या तारेच्या वेटोळ्यावर, कणकेचा गोळा दाबून फेकायची पद्धत, तो गोळा ओला, स्प्रिंग आणि शिसं वेगळं, सगळं मिळून ५०-६० ग्रॅम सहज होतं, आणि मग पहिल्याच जोरदार फेकीत टोक कडकन मोडतं आणि माणूस म्हणतो कंपनी भंगार आहे. कंपनीचा काही दोष नाही, किचनच्या काट्यावर तो गोळा एकदा तोलून बघा. कणीक-स्प्रिंगवालेच असाल तर ८ ते ९ फुटी, २०-६० ग्रॅमच्या आसपासचा रॉड घ्या, उन्हाळ्यात डॅमचं पाणी मागे सरकतं तेव्हा ती जास्तीची लांबी कामाला येते. छोटा फ्लोट (तरंगणी), गांडूळ, हलके स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) असं खेळायचं असेल तर ७ फूट म्हणजे २.१० मीटर, ७-२८ ग्रॅमवाला पुरे. 'मिडियम', 'मिडियम हेवी' या शब्दांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं मिडियम वेगळं असतं, ग्रॅम बघा.

'फास्ट' लिहिलेला रॉड भारीच असणार असाही एक समज आहे. फास्ट म्हणजे नुसतं टोक वाकतं, बाकी दांडा ताठ. रोहू-कार्पचं तोंड मऊ, ताठ दांड्यानं झटका दिला की गळ तोंड फाडून बाहेर. अर्ध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट रॉड नवीन माणसाच्या चुका पोटात घालतो, माझं मत विचाराल तर पहिला रॉड तोच असावा.

टेलिस्कोपिक रॉड स्कूटीच्या डिकीत मावतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण स्वस्तातल्यांमध्ये लाईन ज्यातून जाते त्या रिंगा कमी आणि लहान असतात, आणि दोन-चार वेळा उघडबंद केल्यावर त्या एका रेषेत राहत नाहीत. दोन तुकड्यांचा रॉड घ्या, सिटी बसमध्येही नेता येतो. दुकानात प्रत्येक रिंगेच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, कापूस अडकला तर तिथं चीर आहे, ती पुढं रोज लाईन कापत बसेल. रीलजवळची पहिली रिंग मोठी पाहिजे, कारण स्पूलवरून, म्हणजे रीलच्या फिरकीवरून, लाईन वेटोळी होऊन सुटते, तोंड लहान असलं की ती तिथंच घासते आणि फेक मरते.

रीलचं बघायचं तर ७ फुटीला २५०० किंवा ३००० नंबर (हा रीलचा आकार), ८-९ फुटीला ४०००. डब्यावर १२+१ बेअरिंग छापलेलं असतं त्याला भुलू नका, स्वस्त १२ पेक्षा चांगली ४ बरी. ५.२:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की लाईन गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो, सुरुवातीला एवढं पुरतं. त्यापेक्षा हँडल धरून हलवून बघा, खूप खेळत असेल तर ठेवून द्या. आणि हो, स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, वर नाही! काठावर अर्धे लोक ती वर धरून हँडल उलटं फिरवत असतात. उजव्या हातानं फेकत असाल तर हँडल काढून डाव्या बाजूला लावा, बहुतेक रीलमध्ये ते बदलता येतं, म्हणजे फेकल्यावर हात बदलायला नको.

आता लाईन. नव्वद टक्के 'रील खराब निघाली' हे खरंतर लाईनचं दुखणं असतं असं मी छातीठोकपणे म्हणेन. मोठा मासा आला तर तुटू नये म्हणून २५०० च्या रीलवर ०.५० मिमीची नायलॉन भरतात, ती ताठ, स्पूलवर बसतच नाही, बेल, म्हणजे स्पूलवरची तारेची कमान, उघडली की स्प्रिंगसारखी उसळून बाहेर. स्पूलवर ०.३०/१५० असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे ०.३० मिमीची १५० मीटर मावते, त्याच्याच आसपास राहा. ०.२८ ते ०.३० ची चांगली नायलॉन साधारण १० पौंड म्हणजे साडेचार किलोची असते, तेवढ्यात बऱ्यापैकी रोहू निघतो, फक्त ओढाओढ करायची नाही. स्पूल काठोकाठ भरला तर गुंता, अर्धा भरला तर फेक जवळच पडते, कडेपासून २-३ मिमी खाली थांबा.

भरतानाही घोळ होतो. नवीन लाईनची चकती पेन्सिलीत अडकवून गरगर फिरवत भरली तर पीळ पडू शकतो, त्यापेक्षा चकती जमिनीवर आडवी टाका, लाईन चिमटीत धरून दहा-पंधरा वेढे घ्या आणि मग लाईन सैल सोडून बघा, पीळ खात असेल तर चकती उलटी करा. पिळाचं दुसरं कारण म्हणजे मासा ड्रॅग (जोराची ओढ लागली की लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) ओढत असताना आपण हँडल फिरवत राहणं. कर्रकर्र आवाज चालू आहे, लाईन बाहेर जातेय, आणि आपण जोशात फिरवतोय, त्या प्रत्येक फेऱ्याला पीळच चढतो, मासा एक इंच जवळ येत नाही. आवाज आला की हात थांबवा, रॉड उचला, मग खाली आणताना गुंडाळा. तिसरं कारण, फेकल्यानंतर हँडल फिरवून बेल बंद करणं. हातानं बंद करा आणि लाईन जरा ताणून घ्या, नाहीतर सैल वेढा राहतो आणि पुढच्या फेकीला गुंत्याचं घरटं तयार. पीळ पडलाच तर शिसं, गळ, स्विव्हल (फिरती कडी) सगळं काढून वाहत्या पाण्यात नुसती लाईन सोडा, जरा वेळानं चिमटीत धरून गुंडाळून घ्या. पाणी नसेल तर गवतावर लांब पसरून ओढत चाला, बराच पीळ उतरतो.

ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन पहिल्या सेटला नकोच असं माझं म्हणणं, पण घेतलीच तर स्पूलवर आधी थोडी नायलॉन बांधा, नाहीतर अख्खी ब्रेडेड स्पूलवर नुसती घरंगळत राहते आणि माणूस ड्रॅग आवळत बसतो. पुढं हातभर तरी नायलॉनचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, हवा, माळव्यातले काळे दगड ब्रेडेडला ठेवत नाहीत.

लाईन तुटली की शिव्या देण्याआधी टोक बघा. टोकाला कुरळा पीळ असेल तर गाठ सुटलीय, पुढच्या वेळी गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. टोक खरबरीत, विस्कटलेलं असेल तर दगड किंवा चीर गेलेली रिंग.

ड्रॅग आवळून ठेवायची चूक तर इतकी कॉमन आहे की विचारू नका. कणीक लावली, रॉड दुबेळक्या काठीवर टेकवला, ड्रॅग फुल टाईट, आणि मंडळी मागे पोहे-जिलेबीची पुडी सोडून बसली. कॉमन कार्प आला, एक ओढ, रॉड पाण्यात. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर ठेवायचा, म्हणजे साडेचार किलोच्या लाईनला १.१ ते १.५ किलो. सामान तोलायचा हुकवाला काटा लाईनला बांधा, रॉड वाकवून ओढा, तेवढ्या वजनाला लाईन सुटायला लागली की झालं. पण वाट बघत बसताना याहूनही सैल ठेवा. नाहीतर मागे खटका असलेली फ्रीस्पूल रील घ्या, खटका दाबला की मासा लाईन मोकळी नेतो, हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग लागतो. घरी गेल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

मासा काठाशी आला की रॉड सरळ आभाळाकडे उभा करतात, तेव्हा सगळा भार टोकावर येतो आणि मोडतो. जाळी वापरा, मागे सरका. कार्बन रॉडमधून वीज वाहते, शेतातल्या लोंबत्या तारांखाली तो उभा करू नका आणि ढग गडगडले की आडवा टाकून लांब व्हा.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, मासे अंडी घालायचा काळ. आणि ऐन तेव्हाच पावसाचं वातावरण बघून लोक सेट घेतात! घ्या खुशाल, पण ते दोन महिने चिमणबागच्या मैदानावर सकाळी पोरं यायच्या आत, गळ न लावता, नुसतं शिसं बांधून फेकायची सवय करा. बाकी वर्षातही तलाव कुणाच्या पट्ट्यावर, म्हणजे ठेक्यावर आहे, कुठल्या मच्छीमार समितीकडे आहे, ते विचारूनच बसा. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तिथं विचारल्याशिवाय पिशवीसुद्धा उघडू नका. नर्मदेत महाशीर लागला तर परत सोडा, २०११ पासून तो राज्याचा मासा आहे.

एक तक्रार थंडीत हमखास येते, की हँडल मध्येच उलटं फिरतं, झटका देताना रील घसरते. बहुतेक वेळा कुणीतरी प्रेमानं आत ग्रीस भरलेलं असतं. उलटं फिरणं अडवणाऱ्या त्या रोलर बेअरिंगला ग्रीस चालत नाही, गारठ्यात ते घट्ट होतं आणि रोलर पकडत नाहीत. ते पुसून काढा, शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा अगदी थेंबभर, तेवढंच. गिअरला ग्रीस, बेलवरच्या लाईन रोलरला आणि हँडलच्या मुठीला एकेक थेंब तेल, आणि रील पाण्यात बुडवून धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा.