स्की पावसाळ्याआधी अशी ठेवा, गंज लागणार नाही

गुलमर्ग नाहीतर औलीहून आणलेली स्की तशीच बॅगेत घालून माळ्यावर टाकली की पुण्याच्या पावसाळ्यात कडेच्या स्टीलच्या पट्टीला गंज चढतो आणि बुटांना कुबट वास येतो. म्हणून मे संपायच्या आत एवढं करा:

१. स्की ओल्या फडक्याने पुसून एक रात्र पंख्याखाली ठेवा, बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवायच्या पकडीच्या) खाचेत पाणी अडकलेलं असतं ते नीट बघा.

२. कडांवर बारीक गंजाचे ठिपके असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, मग स्की वॅक्स वितळवून तळावर जाड थर द्या, कडाही झाकल्या गेल्या पाहिजेत. हा थर खरवडायचा नाही, पुढच्या सीझनलाच काढायचा, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

३. बुटातलं आतलं अस्तर बाहेर काढून सावलीत वाळवा, परत घाला आणि बकल सैलसर लावून ठेवा, उघडे ठेवले तर प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

४. स्की पलंगाखाली आडवी ठेवा, वर काही वजन नको. पत्र्याखालचा माळा आणि ओल येणारी भिंत दोन्ही टाळा.

फक्त एक लक्षात ठेवा, अस्तर हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात वाळवू नका, फोम खराब होतो.