रोटात लेकीची मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. त्याआधी रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, धान्य मोजताना घरात कुजबुज होणार हे धरूनच चाला: दत्तक लेकराची मूठ घ्यायची का?

हा प्रश्न सुपापाशी सोडवू नका. महिनाभर आधी सासूबाईंशी एकट्यात बोला. आमच्याकडे पुरुषांच्याच नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू अन् चण्याची डाळ मोजत. म्हणजे माझ्या दोन अडचणी, दत्तक आणि वर पोरगी! आधी कायदा सांगून पाहिला: 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, मग मूल सर्वार्थाने आपलं. त्या ढिम्म. मग म्हटलं, "आत्याबाई, जन्म देवकीने दिला, पण कान्हा यशोदेचाच ना?" बराच वेळ वाती वळत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "हाई पोर आपलीच शे. मोज."

मूठ लेकीच्याच हाताने घ्या. इवल्या मुठीतून गहू सांडतात, सांडू द्या. रोट भाऊबंदांतच खायचा असतो, म्हणून तिला पंगतीत कडेला नको, चुलत्यांच्या मधोमध बसवा.

आणि ती दत्तक आहे हे तिला बोलायला लागल्यापासून सांगत राहा. पंगतीत कुणा काकूकडून पहिल्यांदा कळलं तर घास अडकेल. माझी पाच वर्षांची लेक आता पाहुण्यांना स्वतःच सांगते, "मला आईने जळगावहून आणलं, बसने." बस नव्हती, जीप होती. पण तिला बसच आवडते.

रोटासोबतची गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी मात्र ती अजून ताटाबाहेर सारते. तिथे कानबाईचंही चालत नाही.